३६ वा आठवडा चालू आहे आणि बाळ पायाळू आहे. सिझेरियनच करावं लागेल का?

ताई, असं नाही. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच बाळं पायाळू राहतात. ३७ व्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टर सोनोग्राफीत बघत, पोटावरून दाबत बाळाचं डोकं खाली आणतात. याला ईसीव्ही म्हणतात. साधारण निम्म्या वेळा जमतं. थोडं दुखतं, पण आधी-नंतर बाळाचे ठोके तपासतात. वार (प्लॅसेंटा) खाली असेल तर करत नाहीत. मालिशवाल्या बाईंकडून मात्र अजिबात फिरवून घेऊ नका!

नाहीच फिरलं तर ३९ व्या आठवड्यात ठरवून सिझेरियन. नॉर्मल करायचं तर पायाळू प्रसूतीचा हात बसलेले डॉक्टरच हवेत. परळच्या वाडिया किंवा केईएममध्ये दुसरं मत घेता येईल.

पाणी गेलं तर कळांची वाट बघू नका, नाळ आधी खाली सरकू शकते. कुशीवर पडून थेट हॉस्पिटल गाठा. मुंबईचं ट्रॅफिक बघता गाडी आजच ठरवून ठेवा.