कवळी दिली, पण भाकरी तुटते का?

प्रश्न : आमचं गाव देवगड तालुक्यात. आईचं वय ७१. गेल्या दिवाळीच्या सुमारास सरकारी दवाखान्यात तिला फुकट कवळी मिळाली. जेवताना ती काढून डब्यात ठेवते, लग्नकार्याला तेवढी घालते. खालची कवळी टोचते. दोनदा नेऊन दाखवली, तर ‘सवय होईल’ म्हणाले. शेजारी म्हणतात, फुकटात मिळालंय, कशाला बोलायचं? ज्यांनी केली त्यांनीच ती बरोबर ठरवायची का? तिसरं कुणी तपासत नाही का? की ग्राहक न्यायालयात जावं?
— एक वाचक

उत्तर : आधी ‘फुकट’ हा शब्द खोडा. काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो, त्याच पैशांतून ही कवळी झाली.

मी सव्वीस वर्षं कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत दात काढले, भरले, कवळ्या बसवल्या. महिनाअखेरीला अहवाल भरायचा : काढलेले दात इतके, भरलेले इतके, दिलेल्या कवळ्या इतक्या. त्या कवळीने माणूस जेवतो का, याला रकाना नव्हता. आचऱ्याकडच्या एका आजीने मीच केलेली कवळी पदराच्या गाठीतून सोडून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, “ह्या दातांनी माका भाकरी तुटणा नाय.” माझ्या वहीत ते काम ‘पूर्ण’ होतं. मी तिला आधी दोनदा तपासलं होतं आणि दोन्ही वेळा मला काही चुकलेलं दिसलं नव्हतं. सहकाऱ्याने पाहिलं, तर डाव्या बाजूची कड लांब होती. पाच मिनिटांचं घासकाम. आपलं काम तपासताना आपल्याला जे करायचं होतं तेच दिसतं, हे मी त्या दिवशी शिकले.

म्हणून तिसऱ्या माणसाचा तुमचा आग्रह मला मनापासून पटतो. माझी भाची स्कॉटलंडमध्ये राहते. सरकारी खर्चाने तिचे दात भरून झाले आणि काही महिन्यांनी तिला तपासणीचं पत्र आलं. ती घाबरली. काही बिघडलेलं नव्हतं. तिथे ‘डेंटल रेफरन्स ऑफिसर’ असतात. ते दंतवैद्यच, पण तुमच्यावर उपचार केलेले नसतात. काही रुग्णांना मोठ्या उपचाराआधी, काहींना काम झाल्यावर बोलावतात, तोंडात आरसा घालून पाहतात आणि डॉक्टरने जे केल्याचं लिहिलंय ते खरंच आहे का, नीट आहे का, हे ताडून बघतात. रुग्णाने तक्रार करायची वाट पाहत नाहीत. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून तक्रार निघतच नाही, त्यामुळे मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, बाहेरचे परीक्षकही येतात. ते स्वच्छता, नोंदी, कामाची पद्धत पाहतात, आणि ते हवंच. पण सहा महिन्यांपूर्वी कवळी नेलेल्या आजीला घरून बोलावून तिची हिरडी कुणी पाहत नाही.

ग्राहक न्यायालयाचं दार मात्र तुम्हाला बहुधा बंद आहे. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ती सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. नुसत्या केसपेपरच्या पैशांनी त्यात फरक पडत नाही.

आता काय करायचं? केसपेपरवर दोन तारखा शोधा : दात कधी काढले, माप कधी घेतलं. दात काढल्यावर पहिल्या सहा महिन्यांत हिरडीखालचं हाड झपाट्याने झिजतं. माप त्याआधीचं असेल तर कवळी सैल होणारच, आणि आतून नवा थर देऊन ती पुष्कळदा सुधारते. खालची कवळी वरच्यासारखी घट्ट बसत नाही, हे आईला सांगा. टोचणं मात्र सोसायचं नाही. वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, ‘कवळी करणाऱ्या डॉक्टरांखेरीज दुसऱ्या दंतवैद्याकडून तपासणी व्हावी’ असं स्पष्ट लिहा, प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या आणि पोच घ्या. तोवर थांबायचं नसेल तर बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ. आणि गावासाठी एक काम करा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका : वर्षात किती कवळ्या दिल्या, त्यांतल्या किती रुग्णांना पुन्हा बोलावून तपासलं, कुणी तपासलं? आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, एवढं त्यात सहज मावतं.

आई मशेरी लावते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. लावत असेल आणि टोचलेल्या जागी दोन आठवड्यांहून जुना व्रण असेल, तर अर्जबिर्ज नंतर. आधी तो व्रण दाखवा.

तपासणीला जाताना कवळी डब्यातून नेऊ नका. आदल्या दिवसापासून तोंडात असू दे, म्हणजे कुठे लागते ते हिरडीवर लाल दिसतं. सोबत घरच्या भाकरीचा तुकडा न्या आणि आईला तो डॉक्टरांसमोर खायला सांगा.