रेग्युलर भूतकाळ बोलताना अडखळतो? यादी ठेवा बाजूला, आवाज पकडा

तुमचा प्रश्न असा की इंग्रजीतल्या रेग्युलर क्रियापदांची यादी पाठ आहे, लिहिताना शेवटी ईडी (-ed) बरोबर लागतं, पण बोलायला लागलं की 'वॉकेड', 'लाफेड' आणि 'आय डिडन्ट वर्क्ड' असलं काहीतरी निघतं. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतोय आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते, त्यामुळे टेन्शन घेऊ नका.

पहिलं म्हणजे ती यादी. रेग्युलर क्रियापदांची यादी पाठ करण्यात काही अर्थ नाही हो, पाठ करायची ती वाकड्या क्रियापदांची, गो-वेन्ट, टेक-टुक वगैरे. रेग्युलरला एकच शेपूट आणि तेही सगळ्यांना सारखं. आपल्याकडे मी गेलो, मी गेले, ती गेली, शिवाय निबंध लिहिला पण चिठ्ठी लिहिली, म्हणजे कधी कर्ता बघा कधी कर्म बघा. इंग्रजीत आय, शी, दे, कुणीही असो, वर्क्ड ते वर्क्डच. एवढं सोपं असूनही अडतं कारण आपण ईडी डोळ्यांनी शिकतो.

ईडी लिहायला एक पण बोलायला तीन. क्रियापदाच्या शेवटी कुठलं अक्षर आहे ते बघूच नका, आवाज ऐका. क, प, स, श, च, फ यातला आवाज असेल तर पुढे ट: वर्क्ट, हेल्प्ट, मिस्ट, वॉश्ट, वॉच्ट, लाफ्ट (लाफच्या स्पेलिंगमध्ये शेवटी जी-एच आहे, पण कानाला फ येतो, म्हणून ट). बाकी आवाज असतील तर ड: कॉल्ड, ओपन्ड, प्लेड, लिव्ह्ड. आणि क्रियापद स्वतःच ट किंवा ड वर संपत असेल तरच वेगळं 'इड': वॉन्टिड, नीडिड, स्टार्टिड.

हे घोकायचं नाही. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि नुसतं स्स्स म्हणा, मग व्व्व म्हणा. दुसऱ्या वेळी बोटांना थरथर जाणवेल. थरथर आहे तर ड, नाही तर ट. शाळेत अघोष-सघोष व्यंजनं होती ना, तीच ही. वाक् अधिक देवता याचं वाग्देवता होतं, कारण पुढच्या सघोष द मुळे मागचा क सुद्धा सघोष होऊन ग होतो. इंग्रजीत हाच उद्योग उलट्या दिशेने, मागचं व्यंजन अघोष म्हणून पुढच्या ड चा ट. खात्री करायची तर 'पास' या क्रियापदाचा भूतकाळ आणि 'भूतकाळ' या अर्थाचा 'पास्ट' हे दोन शब्द कुठल्याही बोलत्या डिक्शनरीत लागोपाठ ऐका, स्पेलिंग वेगळं पण उच्चार अगदी एकच.

आता 'वॉकेड' का चुकतं? वॉक एका झटक्यात म्हणतो आपण, तर वॉक्टसुद्धा एकाच झटक्यात यायला पाहिजे. प्रत्येक झटक्याला टाळी वाजवून बघा, वॉकेडला दोन वाजतात आणि चूक लगेच पकडली जाते. दोन टाळ्यांचा हक्क फक्त वॉन्टिड, नीडिड मंडळींना.

वर्क्ट म्हणताना जीभ अडखळत असेल तर पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडा, ट तिकडे ढकलला जातो: वर्क-टॉन, लुक-टॅट, कॉल-डस. एकदम सुटं वाटतं. याउलट 'वॉक्ड टू' मध्ये दोन ट एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला फक्त 'वॉक टू' येतं, म्हणून सिनेमात तुम्हाला ईडी ऐकू येत नाही तेव्हा कान खराब नसतात, तिथे यस्टर्डे, लास्ट वीक अशा शब्दांवरूनच काळ कळतो.

एक गंमत सांगतो. १९५८ मध्ये जीन बर्को नावाच्या संशोधिकेने इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना 'रिक', 'मॉट' असली बनावट क्रियापदं देऊन भूतकाळ करायला सांगितला होता. रिकचं रिक्ट बऱ्याच पोरांना जमलं, मॉटच्या पुढे इड लावताना मात्र जास्त मुलं अडकली. म्हणजे हा तिसरा आवाज त्यांच्याही जिभेवर उशिरा बसतो.

आता 'डिडन्ट वर्क्ड'. हे येतं आपल्या मराठीतून. 'काम केलं', 'काम केलं नाही', 'काम केलंस का', तिन्हीकडे 'केलं' तसंच राहतं ना, मग आपण वर्क्डही तसंच ठेवतो. इंग्रजीत भूतकाळ वाक्यात एकदाच दाखवायचा, 'डिड' आला की भूतकाळ त्याने उचलला, क्रियापद मोकळं: आय वर्क्ड, आय डिडन्ट वर्क, डिड यू वर्क? म्हणून क्रियापद कधी एकटं म्हणू नका, ही तीन वाक्यं एका दमात म्हणा, रोज वेगळी चार-पाच क्रियापदं घेऊन, चालता चालता, मोठ्याने. मनातल्या मनात केलं तर काही उपयोग नाही, जीभ वळायला पाहिजे.

याचाच भाऊ म्हणजे 'हॅड'. आपण सहज म्हणतो 'मी काल फोन केला होता', आणि 'होता' डोक्यात असल्यामुळे 'आय हॅड कॉल्ड यू यस्टर्डे' बाहेर पडतं. तिथे 'आय कॉल्ड यू यस्टर्डे' एवढंच पुरतं. हॅड ठेवा दोन जुन्या गोष्टींतली आधीची कुठली ते सांगायला. आणि 'आय वॉज वर्क' तर नकोच.

स्पेलिंग तुम्हाला जमतंय म्हणून पटकन: स्टडीच्या वायचा आय होतो पण प्लेचा वाय राहतो कारण त्याच्या आधी स्वर आहे, स्टॉपला पी डबल, व्हिजिटला टी एकच कारण जोर पहिल्या भागावर, प्रिफरला आर डबल कारण जोर शेवटावर. ट्रॅव्हल्डमध्ये ब्रिटिश दोन एल लिहितात, अमेरिकन एक, दोन्ही बरोबर.

आणि हो, नेकिड, विकिड, 'विद्वान' या अर्थाचं लर्निड ही विशेषणं आहेत, त्यात ट-ड नसतानाही इडच म्हणतात. त्यांना वरचा नियम लावत बसू नका.