आईने पेटी उघडली नव्हती

"मॅडम, बाबांना डिमेन्शियाची सुरुवात तर नाही ना?" समुपदेशनासाठी मला फोन करणाऱ्या मुलाने पहिला प्रश्न हाच विचारला.

मुलुंड पूर्वेची चार मजली इमारत, चोवीस बिऱ्हाडं. पुनर्विकासाचा ठराव झालेला, बिल्डरही जवळपास पक्का. तेवीस संमतीपत्रं जमा होती, चोविसावं त्याच्या बाबांकडे, म्हणजे काकांकडे, अडलं होतं. काका रात्री तीनला उठून सोसायटीची फाईल चाळत बसायचे आणि जिन्यात सेक्रेटरी दिसले की परत वर जायचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला काकांनी परवानगी दिली आहे.)

स्मरणशक्तीबद्दलची शंका पाच मिनिटांत मिटली. बिल्डरच्या प्रस्तावातला कार्पेट एरिया, कॉर्पसची म्हणजे बिल्डर सभासदांना एकरकमी देतो ती रक्कम, भाड्याचा आकडा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मग मी एक चूक केली. धीर द्यायला गेले. "काका, आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. बिल्डरांवर लक्ष ठेवणारा रेरा कायदा आलाय, कडक आहे."

काकांनी चष्मा पुसला. "रेरा आमच्या फ्लॅटला लागू आहे का हो?"

मला माहीत नव्हतं. तसं कबूल केलं, आणि मला वाटतं आमचं बोलणं खरं तिथून सुरू झालं. नंतर एका वकील मैत्रिणीने समजावलं की रेराचा मुख्य रोख बिल्डर जे फ्लॅट विकायला काढतो त्यांच्यावर असतो. जुन्या सभासदांची भिस्त सोसायटीने केलेल्या विकास करारावर, प्रत्येकाच्या स्वतंत्र नोंदणीकृत करारनाम्यावर आणि बँक हमीवर, म्हणजे बिल्डर चुकला तर बँक भरून देईल त्या रकमेवर. म्हणजे काकांची शंका रास्त होती आणि माझा दिलासा पोकळ होता.

दुसऱ्या भेटीत त्यांनी लालबागची गोष्ट सांगितली. चाळ पाडायची म्हणून ऐंशीच्या दशकात सगळे ट्रान्झिट कॅम्पात गेले. दोन वर्षांत परत, असं सांगितलं होतं. काकांच्या आईने एक पेटी शेवटपर्यंत उघडली नाही. उघडून पसारा कशाला मांडायचा, परतच तर जायचंय. नवव्या वर्षी ती तिथेच गेली. पेटीत नवी भांडी होती, नव्या घरासाठी घेतलेली.

हे मुलाला ठाऊक नव्हतं. तो आपला रोज सांगत होता, "बाबा, 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची लेखी संमती पुरते. तुम्ही सही केली नाही तरी काम होणारच आहे." माहिती बरोबर होती. पण ज्याला घर हातातून जाईल याचीच भीती आहे, त्याला 'तुमच्यावाचूनही जाईल' असं ऐकवलं तर झोप कशी येणार?

काकांना मी वही आणायला सांगितली. मनात येईल तो प्रश्न डाव्या पानावर. उजव्या पानावर, तो कोणत्या कागदाने सुटेल ते. कागदाने सुटणारा नसेल तर पान कोरं. दहा दिवसांत एकतीस प्रश्न झाले. बावीस कागदाचे निघाले. आयुष्यभर पोस्टात हिशेब सांभाळलेला माणूस, वही बघण्यासारखी होती.

त्यातले काही प्रश्न इतके नेमके होते की पुढे सोसायटीच्या कमिटीनेच उचलले. आयओडी, म्हणजे बांधकामाला पालिकेची पहिली सशर्त मंजुरी, हातात येण्याआधी घरं रिकामी करायची का? (नाही. आधी मंजूर नकाशा आणि नोंदणीकृत करार, मग चावी.) करारनाम्यात माझा फ्लॅट नंबर, मजला आणि कार्पेट एरिया चौरस फुटांत लिहिलाय की नुसतं 'अमुक टक्के जास्त'? काम लांबलं तर वाढीव भाडं कोण देणार, किती? बँक हमी किती? शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के आहे. मसुद्यात दहा होती. चोवीस घरांतल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

बिल्डर विश्वासाचा आहे का, हा प्रश्न मात्र त्यांनी कोऱ्या पानासमोर लिहिला होता. मी म्हटलं, यालाही थोडा कागद आहे, आणि थोडी पायपीट. बाप-लेकाला एकत्र पाठवलं, ऑगस्टमधल्या धो धो पावसाच्या रविवारी. मुद्दाम पावसातच. बिल्डरने अभिमानाने दाखवलेल्या इमारतींमध्ये जायचं, पण पदाधिकाऱ्यांना भेटायचं नाही. वॉचमनशी बोलायचं, वरच्या मजल्यावरचं दार वाजवायचं. विचारायचं इतकंच: भाड्याचे चेक वेळेवर वटले का, आणि ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आली का. ओसी नसली की पाण्याचं बिल चढ्या दराने येतं, तेव्हा ते बिल बघितलं तरी कळतं.

भांडुपच्या इमारतीत सातव्या मजल्यावरच्या आजींनी छताखाली ठेवलेली बादली दाखवली. पण त्याच म्हणाल्या, चेक एकदाही परत गेला नाही, आणि गळतीची तक्रार केली की माणूस येतो. काकांना हे फार आवडलं. नुसतं कौतुक करणाऱ्यांवर त्यांचा विश्वास बसला नसता.

घरी येऊन मुलाने महारेराच्या, म्हणजे रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या, साइटवर बिल्डरचं नाव टाकलं. बिल्डरने न दाखवलेली एक इमारत निघाली, पूर्ण होण्याची तारीख दोनदा पुढे ढकललेली. काकांनी सभेत उभं राहून तेवढंच विचारलं. बिल्डर थोडा चपापला, मग शेजारच्या प्लॉटशी चाललेला हद्दीचा वाद सांगितला, कागद दाखवले. पटण्यासारखे होते. तरी कमिटीने हमी दहावरून वीस टक्क्यांवर नेली आणि ती आल्यावरच करार नोंदवला. सेक्रेटरी आता जिन्यात काकांना थांबवून प्रश्न विचारतात, असं काकूंनी सांगितलं.

काकूंना मी शेवटच्या भेटीत पहिल्यांदा नीट ऐकलं, ही माझी दुसरी चूक. त्यांचा प्रश्न वहीत नव्हताच. "भाड्याच्या घराला लिफ्ट आहे का ते कुणी बघतंय का? माझे गुडघे." चोवीस कुटुंबं एकाच महिन्यात एकाच स्टेशनाजवळ घरं शोधायला निघाली की गल्लीतली भाडी वर जातात. त्यामुळे चांगली घरं आधी धरावी लागतात. मुलाने त्याच आठवड्यात तळमजल्यावरचं घर बघितलं.

कोऱ्या पानावरचे बाकीचे आठ प्रश्न तसेच राहिले. आम्ही परत येऊ तेव्हा दोघंही असू का, हा त्यातला एक. त्यावर आम्ही एक पूर्ण तास बोललो, उत्तर न शोधता. काका अजूनही कधीतरी तीनला उठतात. पण सही झाली, घर बदललं, आणि काकूंनी पहिल्याच दिवशी सगळे खोके उघडले.

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला. या वर्षाच्या भाड्याचे बाराही चेक बिल्डरने आगाऊ दिलेत, महिन्याला एक.

"मॅडम, पहिला वटला. अकरा राहिले."