एडिंबराहून एका दिवसात हायलंड्स बघताय? ग्लेनको धरा

आईबाबांना घेऊन चौघं जण स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागात एका दिवसासाठी निघालाय आणि गाडी, गाईड फक्त तुमच्यासाठी घेताय, उत्तम. पण म्हणून लॉख नेस, ग्लेनफिनन, स्काय सगळं एका दिवसात कोंबू नका. स्काय बेटावर पोचायलाच पाचेक तास लागतात. माझं ऐकाल तर ग्लेनकोची दरी धरा. वाटेत किलिन गावाला थांबा, डॉकर्ट नदीचा खळाळ तिथल्या जुन्या दगडी पुलावरूनच दिसतो, त्यामुळे आईबाबांना चढउतार नाही. पुढे रॅनक मूरचा ओसाड, पाणथळ माळ लागतो आणि मग थ्री सिस्टर्सचे तीन कडे एकदम अंगावर येतात. तिथे मात्र घाई नको. गाईडला १६९२ च्या हत्याकांडाबद्दल विचारा. तिथल्या मॅकडोनाल्ड कुळाने ज्या सरकारी सैनिकांना घरात ठेवून जेवू घातलं, त्यांनीच फेब्रुवारीच्या एका पहाटे त्यांना कापून काढलं. हे ऐकल्यावर ती दरी वेगळीच दिसते.

दर माणशी आहे की गाडीचा, ते आधीच विचारून घ्या. गाडीचा असेल तर चौघांत परवडतो. ब्लू बॅजवाला, म्हणजे प्रशिक्षण घेऊन अधिकृत बिल्ला मिळवलेला गाईड मिळाला तर सोडू नका. रेनकोट जूनमध्येही हवाच. उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाची चिलटं फोडून काढतात, मलम जवळ ठेवा. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, तेव्हा भल्या सकाळी निघा.