जुना कर्नल राहू द्या

प्रश्न : ताई, नव्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २१.३ (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. बाकी सगळं झकास चालतंय, पण वायफाय दिसतच नाही. मदरबोर्डवरचं कार्ड रिअलटेक आरटीएल ८८५२बीई आहे, कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) ५.१५. एक मित्र म्हणतो, नवा कर्नल उतरवून स्वतः कंपाइल कर, म्हणजे मूळ कोडपासून बांध. त्यात मशीन सुरूच झालं नाही तर? मुलीचे प्रोजेक्ट त्यावरच आहेत.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मित्राचं निदान बरोबर आहे, पण कंपाइल करायची तुम्हाला गरज नाही. ५.१५ हा ऑक्टोबर २०२१ चा कर्नल. तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कर्नल ६.२ मध्ये आला, फेब्रुवारी २०२३ ला. तेव्हा ५.१५ ला ते कार्ड ओळखू येणारच नाही.

मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ आहे. तिथून ६.८ निवडा. नेट नाही म्हणून अडू नका. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचं नेट संगणकाला देणं) चालू केलं की काम होतं. त्याआधी मुलीचे प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घ्या. टाइमशिफ्ट हा मिंटमधला बॅकअपचा प्रोग्राम मुळात सिस्टिम जपतो, ‘होम’ फोल्डरमधल्या तुमच्या फायली नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आता तुमच्या धास्तीबद्दल. नवा कर्नल जुन्याच्या जागी बसत नाही, शेजारी बसतो. ‘बूट’ (/boot) फोल्डर उघडून पाहा: ‘व्हीएमलिनझ’ने (vmlinuz) सुरू होणाऱ्या फायलींत ५.१५ ची आणि ६.८ ची, दोन्ही दिसतील. मशीन अडलंच तर सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा), ग्रबच्या (कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि ५.१५ निवडा. कालचं मशीन जसंच्या तसं उभं राहतं. म्हणून निदान दोन-तीन आठवडे तरी जुना कर्नल काढू नका, कितीही जागा अडवत असला तरी.

हाताने कंपाइल करण्याची मला फार आवड आहे, आणि शिकायचं असेल तर जरूर करा. पण सवडीने. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वेळ वाचावा म्हणून ‘लोकलमॉडकॉन्फिग’ वापरलं. त्या घडीला कर्नलचे जे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे सुटे भाग) चालू असतात तेवढेच ते ठेवतं. पेन ड्राइव्ह तेव्हा लावलेला नव्हता. नव्या कर्नलवर तो उघडेचना. अख्खी संध्याकाळ मी पेन ड्राइव्हलाच दोष देत बसले होते! शिवाय घरी बांधलेल्या कर्नलवर डिजिटल सही नसते, सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर तो अडवला जातो. अपडेट मॅनेजरमधल्या कर्नलला ही अडचण नाही.

६.८ बसल्यावर मशीन पुन्हा सुरू करून टर्मिनलवर ‘यूनेम -आर’ (uname -r) ही आज्ञा द्या, चालू कर्नलचा क्रमांक दिसेल. ६.८ दिसूनही वायफाय नसेल, तर ‘डीमेसेज’मधल्या (dmesg, कर्नलच्या संदेशांची यादी) ‘आरटीडब्ल्यू८९’ (rtw89, तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर) असलेल्या ओळी उतरवून मला पाठवा.