बी विकायला मोकळीक, पेरायला बंदी

प्रश्न : शिरपूर तालुक्यात आमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. सातबारा माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर. कापसाचा खर्चही निघत नाही. पुतण्याच्या ओळखीने एका कंपनीचा माणूस आला. 'हेम्प लावा, धागा आणि बी आम्ही घेऊ. उत्तराखंडात सरकार परवाने देतं, आपल्याकडेही गांजा कायदेशीर होणारच आहे,' म्हणाला. पाचशेच्या स्टॅम्पवर करार झाला, बियाण्याचे वीस हजार दिले. बियाणं घरात आहे, पक्कं बिलही आहे. पण पोलीस पाटील म्हणतात, पेरू नका. काय करावं?

उत्तर : पोलीस पाटलांचं ऐका. त्यांनी वेळेवर सांगितलं हे उपकारच म्हणायचे, कारण हेम्प हे गांजाचंच झाड, आणि त्याचं पीक उभं राहिलेलं कळल्यावर अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम 47 प्रमाणे वर कळवणं त्यांना भागच होतं.

कंपनीचा माणूस धडधडीत खोटं बोलला असं नाही, आणि घोळ तिथेच आहे. हे बी खाद्यपदार्थ म्हणून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये मान्यता दिली. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्यावर आलेले किंवा फळ धरलेले शेंडे. नुसतं बी किंवा नुसती पानं त्यात धरत नाहीत. तेव्हा तुमचं बिल खरं, आणि खाण्याचं म्हणून विकलेलं बी घरात ठेवणं हा गुन्हा नाही. तेच बी मातीत गेलं की कलम 20 लागतं. गांजा बाळगल्याच्या गुन्ह्यात 1 किलोपर्यंत, 20 किलोपर्यंत अशा पायऱ्या आहेत. लागवडीला त्या नाहीत. तीन एकर असो की परसातलं एक रोप, 10 वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 'धाग्यासाठी लावलं होतं' हे म्हणणं हातात परवाना असेल तरच टिकतं.

कागदावरच्या शिक्षेपेक्षा मला भीती वाटते ती जामिनाची. अशा छाप्यात झाडं मुळासकट उपटून ओलीच तोलली जातात. एकरभर पिकात 20 किलोचा काटा कधीच ओलांडला जातो. मग व्यापारी प्रमाणाचं कलम जोडलं जातं, किमान शिक्षाच 10 वर्षं होते, आणि कलम 37 मुळे आरोपी दोषी नसावा असं न्यायाधीशांना सकृद्दर्शनी पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. पानं, देठ, शेंडे सगळं एकत्र तोललं, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिलेले आहेत. पण तो युक्तिवाद ऐकला जाईपर्यंत माणूस आत असतो आणि शेत पडीक.

भावाचंही बघा. माहीत असून जमीन वापरू दिली तर कलम 25 त्यालाही तितकंच जबाबदार धरतं.

आता उत्तराखंड. तिथल्या सरकारने 2018 मध्ये औद्योगिक लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली, पण नशा आणणारा टीएचसी हा घटक 0.3 टक्क्यांच्या आत ठेवायच्या अटीवर. हिमाचलच्या विधानसभेनेही 2024 मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूचा अहवाल स्वीकारला. राज्यांना लागवडीचे नियम करायचा अधिकार कलम 10 देतं, मात्र तो परवाना त्या राज्यापुरता. देहरादूनचा कागद शिरपूरच्या ठाण्यात दाखवून उपयोग नाही. महाराष्ट्रात शेतकऱ्याने अर्ज करून घ्यावा असा परवाना आजतागायत सुरू झालेला नाही.

'कायदेशीर होणारच आहे' या वाक्यावर मात्र एक रुपयाही लावू नका. 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव आला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं, हे खरं. पण ओढण्याचा गांजा मोकळा करायचा तर संसदेने मूळ कायदाच बदलायला हवा, आणि तशी घाई मला कुठल्याच पक्षात दिसत नाही. धाग्याची, बियांची लागवड राज्याराज्यांतून हळूहळू सुरू होईल असं माझं मत आहे. ती व्हावीही, डबाबंद बी शहरात पौष्टिक म्हणून खपावं आणि कोरडवाहू शेतकऱ्याने ते पेरलं की तुरुंगात जावं, हे मला पटत नाही. माझ्या पटण्याने तुमचा खटला सुटणार नाही. उद्या कायदा सैल झाला तरी जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 6 प्रमाणे, संसदेने वेगळं काही म्हटलं नाही तर, आधीचे गुन्हे आणि खटले चालूच राहतात.

पैशांचं बोलू. बेकायदा कामासाठीचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 23 खाली रद्दबातल असतो, त्यामुळे 'पेरलं नाही तर नुकसानभरपाई' असं कलम त्यात असलं तरी घाबरू नका. पेरणीआधीच हात काढून घेतलात तर वीस हजार परत मागायला तुमची बाजू बरी राहते. पेरल्यावर कोर्ट तुम्हालाही त्याच माळेचा मणी समजेल. वकिलामार्फत नोटीस पाठवा : लागवड कायदेशीर आहे असं सांगून पैसे घेतले, करार मी मानत नाही, रक्कम परत करा. दाद लागली नाही तर फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली करता येते. त्या माणसाचे व्हॉट्सॲप संदेश पुसू नका.

एखादा वाफा चाचणी म्हणून पेरला असेल, तर ते मला पत्राने कळवू नका आणि स्वतःच्या मनाने काही उपटूही नका. त्याच दिवशी धुळ्याच्या फौजदारी वकिलाला भेटा. बियाणं कंपनीला परत पाठवा, पोच घ्या. रागाच्या भरात ते बांधावर किंवा उकिरड्यावर फेकू नका. पहिल्या पावसात उगवून येईल.