माडी थरथरते, स्लॅब घालू का?

प्रश्न : आमचे घर डिचोली तालुक्यात, आजोबांच्या काळचे. भिंती चिऱ्यांच्या, पण मातीत रचलेल्या. वर ४ बाय ५ मीटरची लाकडी माडी, गणपती तिथेच बसतो. गेल्या चवथीला घुमटआरतीला (घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावरच्या आरतीला) ३० माणसे जमली आणि पायाखालच्या फळ्या थरथरू लागल्या. मुलगा म्हणतो, माडी काढून स्लॅब घालूया. काय करावे?

उत्तर : स्लॅबची घाई करू नका. ३० माणसे म्हणजे सुमारे २ टन. तेवढ्याच जागेवरचा १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब ६ टनांच्या वर जातो, लाद्या वेगळ्याच. शिवाय माणसे आरती आटोपली की खाली उतरतात, स्लॅब मात्र रात्रंदिवस भिंतींवर बसून असतो. मातीत रचलेल्या भिंतींवर हा बोजा मी पाया आणि भिंत तपासल्याशिवाय कधीच टाकणार नाही.

माडी थरथरते म्हणजे ती कोसळेलच असे नाही. तुळया उंचीला कमी असल्या की माणसांच्या तालाबरोबर त्या झुलतात. खरी भीती दिसत नाही तिथे असते, तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे. सावईवेऱ्याला माझ्या आजोळी तुळया नुकत्याच रंगवलेल्या, बघत राहाव्यात अशा होत्या. पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीपाशी मी पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर पात्याला ओला, तपकिरी भुसा चिकटलेला. त्या तुळईखाली आजी रोज जपाला बसायची. तो भुसा मी आजवर विसरलेले नाही.

म्हणून आधी प्रत्येक तुळईचे दोन्ही टोक टोचून आणि ठोकून बघा. भद्द आवाज आला किंवा वाळवीची मातीची नळी दिसली, तर खालून टेकू देऊन कुजका भाग कापायचा. उरलेल्या निरोगी लाकडाला दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल (पन्हळीच्या आकाराची पट्टी) बोल्टने आवळून नवे टोक करायचे. टोकाभोवती बोटभर जागा मोकळी ठेवा, हवा खेळू द्या. डांबर फासून गच्च बुजवले की ओल आतच कोंडते.

टोके धड निघाली तर प्रश्न फक्त झुलण्याचा. तुळईची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. त्याहून सोपे म्हणजे तुळयांच्या मधोमध खालून एक आडवी तुळई घालून तिला स्वतःचा पाया असलेल्या खांबांवर टेकवणे. तुळयांच्या मधल्या गाळ्यांत लाकडी ठोकळे घट्ट बसवा, म्हणजे एका फळीवरचा भार शेजारच्या तुळयाही वाटून घेतात. वायरिंगसाठी तुळईला मधोमध खालून खाच मात्र कुणालाही पाडू देऊ नका.

मुलाला स्लॅबच हवा असेल तर खांब आणि पाया वेगळा घ्या, आराखडा इंजिनियरकडूनच करून घ्या. गॅलरी पुढे काढणार असाल तर तिची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. काँक्रीट ओतताना कामगार तिच्यावर चालले की ती खाली दबते आणि गॅलरीचा जीवच जातो. त्या दिवशी घरातले कुणीतरी तिथे उभे राहाच. दोन आधारांमध्ये ४ मीटर अंतर असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांच्या आत काढू देऊ नका.

यंदा गणपती नेहमीच्या जागी बसवा, पण टोके तपासून होईपर्यंत घुमटे खालच्या सोप्यावर वाजू देत.